जळजळ थांबली म्हणजे दुखणं गेलं असं नाही

प्रिय मित्रा,



तुझं पत्र मासिकाच्या कचेरीतून माझ्याकडे आलं. खाली नाव नाही, गावही नाही, पण जे सांगायला हवं ते तू नीट सांगितलं आहेस. लघवीला आग होते. सकाळी उठल्यावर लिंगाच्या टोकाशी पांढुरका-पिवळसर थेंब दिसतो, चड्डीला डाग पडतो. आईला ‘उन्हाळी लागलीय’ एवढंच सांगितलंस, तिने सब्जा आणि धन्या-जिऱ्याचं पाणी दिलं. मग मेडिकलच्या दुकानातून गोळ्या आणल्यास, तीन दिवसांत बरं वाटलं, उरलेल्या गोळ्या खणात टाकल्यास. आता त्रास पुन्हा सुरू झाला आहे आणि लघवीचा रिपोर्ट मात्र नॉर्मल आला आहे. शेवटी दोन प्रश्न विचारलेस: मला नेमकं काय झालंय, आणि जिच्याशी माझा संबंध आला त्या मुलीला हे सांगावं लागेल का?

माझी उमेदीची वर्षं सरकारी रुग्णालयाच्या त्वचा आणि गुप्तरोग विभागात गेली. असे प्रश्न घेऊन येणारी तरुण मुलं मी रोज पाहिली. दाराशी घुटमळणारी, आधी खाजेचं किंवा केसगळतीचं काहीतरी सांगून मग मूळ मुद्द्यावर येणारी. म्हणून तुला आडपडदा न ठेवता लिहितो.

तुझ्या लक्षणांवरून हा मूत्रमार्गाचा दाह दिसतो. डॉक्टर त्याला युरेथ्रायटिस म्हणतात. पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण १८ ते २० सेंटिमीटर लांब असतो. मूत्राशयापासून निघून प्रोस्टेट ग्रंथीतून तो लिंगाच्या टोकापर्यंत येतो. त्याच्या आतल्या नाजूक अस्तराला सूज आली की तिथून लघवी जाताना आग होते, टोकाशी खाज येते आणि पू किंवा चिकट स्राव येतो. तुझ्या वयाच्या, शरीरसंबंध आलेल्या तरुणात याचं कारण बहुतेक वेळा संबंधातून आलेला जंतुसंसर्गच असतो. मूत्राशयापर्यंतचा साधा युरीन इन्फेक्शनचा त्रास तरुण पुरुषांत तसा कमीच.

या जंतूंमधला सर्वांत जुना ओळखीचा म्हणजे गोनोरियाचा, आपल्याकडच्या भाषेत परम्याचा. अल्बर्ट नाइसर या जर्मन डॉक्टरने १८७९ साली तो सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला, तेव्हा तो स्वतः जेमतेम चोवीस वर्षांचा होता. आजही स्रावाचा थेंब काचपट्टीवर घेऊन ग्रॅम रंग दिला की पुवातल्या पांढऱ्या पेशी दिसतात आणि त्या पेशींच्या पोटात, पोटाला पोट लावून ठेवलेल्या राजम्याच्या दाण्यांसारखे, गुलाबी जोडजंतू दिसतात. लक्षणं असलेल्या पुरुषात ही साधी, स्वस्त तपासणी फार भरवशाची आहे. परम्याचा त्रास संबंधानंतर साधारण दोन ते पाच दिवसांत सुरू होतो, स्राव दाट आणि पिवळा असतो, आग जोरात होते.

दुसरा जंतू क्लॅमिडियाचा. हा पेशींच्या आत राहून वाढतो, म्हणून त्या ग्रॅमच्या काचपट्टीवर तो दिसत नाही. त्याची लक्षणं एक ते तीन आठवड्यांनी येतात, स्राव पातळ आणि थोडा असतो. पुष्कळ पुरुषांना तर काही जाणवतच नाही. याशिवाय मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम, ट्रायकोमोनास, नागिणीच्या कुळातला हर्पिस आणि कधीकधी सर्दी-डोळे येण्याला कारण होणारा अडिनोव्हायरससुद्धा हा दाह निर्माण करतात. परमा आणि क्लॅमिडिया एकाच माणसात एकाच वेळी असणं तर नेहमीचंच. आणि सगळ्या तपासण्या करूनही अनेक रुग्णांत जंतू सापडत नाही. तरीही दाह खरा असतो आणि उपचार करावेच लागतात.

प्रत्येक वेळी कारण जंतूच असतो असंही नाही. जागा स्वच्छ राहावी म्हणून कुणी डेटॉल लावतो, कुणी उग्र साबण आत घालून धुतो, त्याने अस्तर भाजतं. ऑपरेशनच्या वेळी घातलेली नळी, अडकलेला मुतखडा यांनीही दाह होतो. आणखी एक गोष्ट पुष्कळ मुलं करतात, तूही करत असशील: स्राव आहे की गेला, हे पाहायला दिवसातून कितीदा तरी लिंग पिळून बघणं. या पिळण्यानेच अस्तर चिडतं आणि थोडा स्राव येत राहतो. तो पाहून मुलगा आणखी घाबरतो आणि आणखी पिळतो. आजपासून ते बंद कर.

आता तुझ्या भीतीबद्दल. ‘धातू जाते म्हणून अशक्तपणा आला’ असं तू लिहिलं आहेस. मनात कामभावना आली की टोकाशी येणारा स्वच्छ, पाण्यासारखा चिकट थेंब निसर्गाचाच आहे. लघवीच्या शेवटी कधीमधी पांढुरकं गेलं तर ते बऱ्याचदा लघवीतले फॉस्फेटचे क्षार असतात. यांतल्या कशानेही ताकद जात नाही. पण उत्तेजना नसताना येणारा, कपड्याला पिवळट डाग पाडणारा स्राव म्हणजे पू, आणि त्याला औषध लागतं. अंडी-मसालेदार खाल्ल्याने, हस्तमैथुनाने किंवा सार्वजनिक संडासातून हा संसर्ग होत नाही. रेल्वेलगतच्या भिंतींवर आणि एस.टी. स्टँडच्या मुताऱ्यांत ‘गुप्तरोग, धातुदौर्बल्य, खात्रीचा इलाज’ म्हणून ज्यांच्या जाहिराती रंगवलेल्या असतात, त्यांचा धंदा नैसर्गिक थेंब आणि पू या दोन गोष्टींची सरमिसळ करण्यावरच चालतो. निरोगी मुलाला ते आजारी ठरवतात आणि खऱ्या आजारी मुलाला शक्तीच्या पुड्या देऊन त्याचा वेळ घालवतात.

तुझा रिपोर्ट नॉर्मल कसा आला, हेही सांगतो. लॅबमध्ये डबी देताना सांगतात, ‘पहिली धार सोडून मधली लघवी घ्या.’ मूत्राशयातले जंतू तपासायचे असतील तर ते बरोबर आहे. पण तुझा आजार वाटेत आहे, टाकीत नाही. पहिली धार तो सगळा पू धुऊन घेऊन जाते आणि तीच तू भांड्यात सोडलीस. तुझ्या तपासणीला हवी ती पहिलीच धार, साधारण २० ते ३० मिलिलिटर. त्याआधी निदान एक-दोन तास लघवी केलेली नसावी. त्या नमुन्यात पांढऱ्या पेशी पाहतात, आणि सोय असेल तर त्यातूनच क्लॅमिडिया आणि परम्याच्या जनुकांची तपासणी करतात. शिवाय तू आधी अँटिबायोटिक घेतलं होतंस, त्यानेही जंतू दबलेले असतात. म्हणून डॉक्टरांना त्या गोळ्यांचं पाकीट दाखव, लपवू नकोस.

आता गोळ्यांकडे येऊ. मेडिकलवाल्याने दिलेली ‘युरीन इन्फेक्शनची गोळी’ बहुधा सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा नॉरफ्लॉक्सासिन असेल. एकेकाळी परम्यावर ती रामबाण होती. पण परम्याच्या जंतूने आजवर त्याच्यावर वापरलेलं जवळजवळ प्रत्येक औषध पचवलं आहे. १९३० च्या दशकात सल्फा आलं, दहा वर्षांत त्याची धार गेली. मग पेनिसिलिन आलं. १९७६ मध्ये पेनिसिलिन फोडून टाकणारे जंतू सापडले. पुढे टेट्रासायक्लिनची, मग सिप्रोफ्लॉक्सासिनची गत तीच झाली, आणि भारतात तर सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद न देणारा परमाच आता सर्रास आहे. अर्धवट घेतलेल्या प्रत्येक डोसाने आपण या जंतूला तालीम देतो. तीन दिवसांत तुझी आग कमी झाली ती जंतू थोडे घटले म्हणून; उरले त्यांनी पुन्हा डोकं वर काढलं. औषध न घेताही परम्याचा पू काही आठवड्यांनी ओसरू शकतो, पण जंतू आतच राहतो. तेव्हा बरं वाटणं हा बरं झाल्याचा पुरावा धरू नकोस. हे एवढं एक वाक्य या पत्रातून तू लक्षात ठेवलंस तरी मला पुरे आहे.

मग योग्य उपचार काय? परम्यावर आज मुख्य भरवसा सेफ्ट्रिआक्सोनच्या एका इंजेक्शनवर आहे, ते कमरेत देतात. क्लॅमिडियासाठी डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पूर्ण सात दिवस. डोस आणि निवड तुला तपासणारे डॉक्टर ठरवतील, तू या पत्रावरून दुकानात जाऊ नकोस. डॉक्सिसायक्लिन मिळालं तर ते घेण्याची रीत मात्र सांगून ठेवतो, कारण ती फार कमी लोकांना सांगितली जाते. गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने घ्यायची; घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून छातीत जखम करते. दूध, लोहाची गोळी आणि अँटासिड तिच्या आगेमागे घ्यायचं नाही, औषध अंगी लागत नाही. त्या आठवड्यात दुपारच्या उन्हात फार फिरायचं नाही, त्वचा लवकर भाजते.

सगळं नीट घेऊनही स्राव राहिला तर खचू नकोस आणि तीच औषधं परस्पर पुन्हा सुरू करू नकोस. अशा वेळी मायकोप्लाझ्माचा विचार करावा लागतो. त्या जंतूला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे ती भिंत फोडणारी पेनिसिलिन-सेफ्ट्रिआक्सोनच्या कुळातली औषधं त्याला लागूच पडत नाहीत. ट्रायकोमोनास असेल तर मेट्रोनिडाझोलच्या जातीचं औषध लागतं. कोणतं कारण आहे हे शोधल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नाही, म्हणून परत त्याच डॉक्टरांकडे जायचं.

पैशाची चिंता तू लिहिली आहेस. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजात ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाची खोली असते. ती राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नाकोच्या, कार्यक्रमातली. तिथे तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. लक्षणगटाप्रमाणे रंगीत पाकिटांतून औषधं देण्याची तिथली पद्धत आहे; मूत्रमार्गातल्या स्रावासाठी वर्षानुवर्षं राखाडी पाकीट दिलं गेलं. रिपोर्टची वाट पाहत बसून रुग्ण परत आलाच नाही, असं होऊ नये म्हणून पहिल्याच भेटीत औषध हातात देण्याची ही योजना. तिथल्या समुपदेशकाशी बोल, ती माणसं तुझ्यासारख्या कित्येकांशी रोज बोलतात. जायच्या आधी काही विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत फोन नंबर आहे, तिथे नाव सांगावं लागत नाही.

तिथे तुला एच.आय.व्ही., सिफिलिस आणि हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी सुचवतील. घाबरून नाही म्हणू नकोस. एका वाटेने एक जंतू आला तर दुसराही आलेला असू शकतो. वैद्यकाच्या इतिहासात याची एक मोठी नोंद आहे. लंडनच्या जॉन हंटर या नामांकित शल्यविशारदाने १७६७ मध्ये परम्याचा पू टोचून प्रयोग केला, तर सिफिलिसची लक्षणं उमटली. त्यावरून दोन्ही आजार एकच, असं त्याने ठरवलं. पू ज्या रुग्णाचा होता त्याला बहुधा दोन्ही आजार होते. फिलिप रिकॉर्डने १८३८ मध्ये हे दोन आजार वेगळे आहेत हे दाखवीपर्यंत हंटरचा शब्द प्रमाण मानला गेला. शिवाय मूत्रमार्गाचा दाह एच.आय.व्ही.च्या प्रसाराला हातभार लावतो. आफ्रिकेतल्या मलावीमधल्या, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एच.आय.व्ही. आणि मूत्रमार्गदाह दोन्ही असलेल्या पुरुषांच्या वीर्यात विषाणूंचं प्रमाण दाह नसलेल्यांच्या आठपट आढळलं, आणि दाहावर उपचार केल्यावर ते उतरलं. एच.आय.व्ही.ची चाचणी संसर्गानंतर लगेच खरी येत नाही, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा ती पुन्हा करून घे. तुझ्या संमतीशिवाय ती करता येत नाही आणि काही अपवाद सोडले तर तिचा निकाल दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, असा २०१७ चा कायदाच आहे.

काही गोष्टी मात्र उद्यावर टाकायच्या नाहीत. वृषणात एकाएकी जोराची कळ आली तर तासभरही न थांबता मोठ्या रुग्णालयात जा. कधी तो पसरलेला संसर्ग असतो, पण वृषणाला पीळ पडलेला असेल तर साधारण सहा तासांच्या आत ऑपरेशन व्हावं लागतं, नाहीतर वृषण गमवावं लागतं. थंडी वाजून ताप, लघवी अडकणं, लघवीतून रक्त, किंवा गुडघा-घोटा सुजून त्याबरोबर डोळे लाल होणं, यांपैकी काही झालं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. दाह बरेच दिवस अंगावर काढला तर मूत्रमार्ग आतून आकसतो, धार बारीक होते, दोन फाटे पडतात. मी अशी माणसं पाहिली आहेत, ज्यांनी विशीत लाजेने अंगावर काढलं आणि चाळिशीत दर काही महिन्यांनी वाट रुंद करून घ्यायला यायची वेळ आली. उपचार एका आठवड्याचा होता.

आता तुझा दुसरा प्रश्न. हो, तिला सांगावं लागेल. गेल्या साठ दिवसांत ज्या कुणाशी तुझा संबंध आला, त्या प्रत्येक व्यक्तीला सांगावं लागेल.

याचं कारण नीट समजून घे. बाईच्या गर्भाशयाच्या मुखाशी हेच जंतू बसतात तेव्हा तिला बहुधा काहीच होत नाही. आग नाही, डाग नाही. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक बायकांना तो झाल्याचं कळतच नाही. आणि तो गुपचूप वर चढत गर्भनलिकांपर्यंत जाऊ शकतो. नलिका सुजतात, चिकटतात. पुढे मूल राहत नाही, किंवा गर्भ नलिकेतच राहतो आणि जिवावर बेततं. बाळंतपणात हे जंतू बाळाच्या डोळ्यांत जाऊ शकतात. लायप्झिगच्या क्रेडे या डॉक्टरने १८८० च्या सुमारास नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली, त्याआधी युरोपात परम्याने किती मुलं आंधळी होत त्याला सुमार नव्हता. तुझी आग ही एका अर्थी तिच्यासाठीही आलेली सूचना आहे. तिच्या शरीराने तिला सांगितलं नाही, तर ते तूच सांगायला हवंस.

सांगताना ‘तुझ्यामुळे झालं’ किंवा ‘माझ्यामुळे झालं’ या वादात शिरू नकोस. क्लॅमिडिया काही न जाणवता महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही अंगात राहतो. परम्याचा जंतू घशातही राहतो आणि मुखमैथुनातून पसरतो. कुणाकडून कुणाला आलं, हे कोणताही रिपोर्ट सांगत नाही, आणि या हिशेबापायी मोडलेली नाती मी पुष्कळ पाहिली. बोलायला जड जात असेल तर एवढंच म्हण: ‘मला इन्फेक्शन झालंय. डॉक्टर म्हणाले, तुझीही तपासणी आणि औषध व्हायला हवं, तुला काही होत नसलं तरी. मी तुझ्याबरोबर येतो.’ तिला एकटीला पाठवू नकोस. बाईला त्या खोलीच्या दारात उभं राहणं तुझ्यापेक्षा कितीतरी जड जातं. तिला दिवस गेलेले असण्याची शक्यता असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण तिची औषधं वेगळी असतात. डॉक्सिसायक्लिन तेव्हा टाळतात.

दोघांचे उपचार पूर्ण होऊन सात दिवस जाईपर्यंत आणि लक्षणं थांबेपर्यंत संबंध ठेवायचा नाही, निरोध वापरूनही नाही. नाहीतर तू बरा होतोस, तिच्याकडून तुला परत होतो, तिला तुझ्याकडून, आणि दोघंही औषधाला दोष देत बसता. तीन महिन्यांनी पुन्हा एकदा तपासणी करून घ्यायची. त्यानंतर निरोध नेहमी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर ती घ्यायची.

तू नाव न लिहिता प्रश्न विचारलास, त्याचं मला वाईट वाटलं नाही. या भाषेत असे प्रश्न विचारायची आणि त्यांना छापील उत्तर द्यायची वाट र. धों. कर्व्यांनी घालून दिली. १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत त्यांनी पदरमोड करून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांची बाजू मांडायला उभे राहिले. कर्वे तो खटला हरले, पण त्यांनी उत्तरं द्यायचं सोडलं नाही. आजारपणाची माहिती मागणाऱ्याला ती सरळ शब्दांत मिळाली पाहिजे, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. तूही कुणा मित्राने विचारलं तर त्याला हसू नकोस, मेडिकलच्या दुकानाकडे बोट दाखवू नकोस. त्याच्याबरोबर सुरक्षा क्लिनिकपर्यंत जा.

उद्या सकाळी उठल्यावर लघवीला जायच्या आधी घरातून निघ आणि ओपीडी उघडताच केसपेपर काढ. खणातलं ते पाकीट बरोबर ने. औषध सुरू झालं की त्याच दिवशी तिला फोन कर. हे पत्र तिलाही वाचायला दे. तिच्या मनात काही प्रश्न असतील तर तिने मला लिहावं, तिनेही नाव नाही लिहिलं तरी चालेल.

तुझा शुभचिंतक,
एक निवृत्त डॉक्टर